नाना भाजीला गाव विचारतात

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर परीक्षेच्या उत्तरांपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तेही धड जमत नाही. अशाने शेजाऱ्यांवर लिहायला बसावं की नाही, कोण जाणे. पण नाना राहवू देत नाहीत.

नाना भाजीला गाव विचारतात. सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या बाजारात वांगं उचलतात, देठ बघतात आणि भाजीवालीकडे न बघता वांग्यालाच म्हणतात, "कोनता गावना रे तू?" उत्तर अर्थात तिनेच द्यायचं. ओलपाड, कामरेज असं जवळपासचं काही गाव म्हणाली तर वांगं पिशवीत जातं. एकदा ती वैतागून "मार्केटचं" म्हणाली. नानांनी वांगं खाली ठेवलं. "मार्केट हाई काय गाव शे का?"

"काका, रींगण लेवुं छे के जमाई करवो छे?" तिने विचारलं. वांगं घ्यायचंय की जावई करायचाय?

"जावई एकदा चुकना," नाना म्हणाले, "वांगं रोज खानं पडस."

नाना कापडाच्या लूमवर कामाला. चाळीस वर्षं सुरतेत काढली, तरी जीभ धुळ्याचीच. थंडीत पापडी, हिरवी तूर, पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, उन्हाळ्यात गवार. एप्रिलात कोणी मटार आणला तर त्या घरी ते चहासुद्धा घेत नाहीत. त्यांना दाखवल्याशिवाय आमच्या गल्लीतल्या बायका भाजी चिरत नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकी, म्हणतात, "माझ्या तब्येतीची एवढी चौकशी केली असती तर मी अजून नवी सून दिसले असते."

आंब्याच्या दिवसांत तर नानांना फुरसत नसते. देठाशी नाक नेऊन सगळ्या गल्लीचे आंबे तेच निवडतात. स्वतः मात्र एक फोड खात नाहीत. मला वाटायचं, साखर असेल. आईने खरं सांगितलं.

त्यांच्या घरी हंगामाचं नवं फळ आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने चाखायचं, मग बाकीच्यांनी. नानांचे मोठे भाऊ, अण्णा, तरुणपणी रागावून घरातून निघून गेले ते परत आले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक वारलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवतो. भाऊबंद दरवर्षी सांगायचे, अण्णांचीही भरून टाक. नाना भडकायचे. "जित्ता माणूसनी घागर भरतस का?" वडिलांची एकच घागर भरायचे आणि आंब्यासाठी अण्णांची वाट बघायचे.

यंदा आखाजीच्या तोंडावर गावाहून चुलतभावाचा फोन आला. अण्णांबरोबर अकोल्याकडे काम करणारा एक माणूस भेटला होता. अण्णा तिकडेच वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. नाना "बरं" म्हणाले आणि बाजाराची पिशवी शोधू लागले.

आखाजीला त्यांच्या घरी दोन घागरी होत्या. आईने सांजोऱ्या दिल्या होत्या, त्या घेऊन मी गेलो. काकींनी आंबा चिरला. सवयीने ताटली माझ्याकडे आली, पण लगेच त्यांनीच ती उचलून नानांपुढे ठेवली.

"ल्या," त्या हळूच म्हणाल्या. "आते घरमा मोठा तुम्हीच."

नाना काकींकडे बघत राहिले. फोन येऊन आठवडा झाला होता, पण बातमी त्यांना तेव्हा पोचली.