तीन नंबरच्या प्लगचा निरोप समारंभ

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दिगंबर पोतनीसांच्या मोटारीतल्या तीन नंबरच्या स्पार्क प्लगने, रीतसर निरोप समारंभ झाल्याशिवाय जागा सोडणार नाही, असं शांतपणे सांगितलं.

पोतनीसांनी पाना खाली ठेवला. बाकीचे तीन प्लग केव्हाच निघून फडक्यावर लवंडले होते.

"हे तिघं काही बोलले नाहीत ते?"

"ते चार वर्षांपूर्वी लागलेत. मी गाडीबरोबर आलोय. तेरा वर्षं झाली."

हे खरं होतं. मागच्या खेपेला मेस्त्री "हा काही हलत नाही, राहू दे" म्हणाला होता, त्याचा उलगडा आता झाला.

"जोर करून काढला तर?"

"मधेच मोडेन. मग इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल. आठवडा जाईल."

पोतनीसांनी घड्याळ पाहिलं. आठवडा कुठला, हातात सहा तास होते. दुपारी चारला सांगलीत त्यांच्या पत्नीचं, कुमुदताईंचं, गाणं होतं. एकोणीस वर्षं त्या भजनी मंडळात मागच्या रांगेत उभ्या राहून कोरस देत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच एकट्या बसून गाणार होत्या, आणि पत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलं होतं. रविवारी गावातून दुपारची एसटी नसते. शेजारच्या बाजीराव बाबरांकडे ट्रॅक्टर होता, पण पैठणी नेसून ट्रॅक्टरवर बसायची ताईंची तयारी नव्हती. गाडी गॅरेजला द्या, असं त्या शुक्रवारीच म्हणाल्या होत्या. "तासाभराचं काम, घरच्या घरी करतो," हे पोतनीसांचं उत्तर. स्वतःच्या हातांनी त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं.

"मग करा की समारंभ," ताई म्हणाल्या. "नारळ आहे घरात."

समारंभ म्हटल्यावर पोतनीसांना धीर आला. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढलेली, निरोपाची भाषणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. अंगणात तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. श्रोते हवेत म्हणून बाबरांना बोलावलं. अध्यक्षस्थानी ताई. शालीऐवजी ब्लाउजपीसची बोटभर पट्टी. बाबर आले, बॉनेटखाली वाकून त्यांनी प्लगला नमस्कार केला आणि मागच्या खुर्चीत बसले.

पोतनीस उठले. खाकरले. "आजचे सत्कारमूर्ती मनमिळाऊ, मितभाषी आणि वेळेचे पक्के. कार्यालयात त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. त्यांच्या जाण्यानं निर्माण होणारी पोकळी..."

"पोकळीत नवीन प्लग बसणार आहे," प्लग म्हणाला. "आणि हे भाषण माझं नाही. कुणाचंही आहे."

पोतनीसांनी पाना लावून पाहिला. प्लग तसूभर हलला नाही. त्यांनी दुसरं भाषण केलं, त्यात दोन श्लोक घातले. मग तिसरं केलं. बाबरांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. दीड वाजला. पोतनीस मटकन खुर्चीत बसले.

"कुमुद, माझं चुकलं गं. तुझा दिवस मी घालवला."

"अध्यक्षीय भाषण राहिलंय अजून," ताई म्हणाल्या. कमरेला पदर खोचून त्या बॉनेटपाशी गेल्या.

"हे बघ, खोटं कौतुक मला जमत नाही. गेली दोन वर्षं तू चढावर आचके देतोस. थंडीत सकाळी तुझ्यापायी मला गाडी ढकलावी लागते. पण माझ्या आईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी तू एकदाही अडखळला नाहीस. दिवसभर तुझ्याकडे कान लावून बसले होते मी. आईला शेवटचं भेटता आलं सगळ्यांना. ते तुझ्यामुळं. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं."

बाबर टाळ्या वाजवायला विसरले.

"सत्कारमूर्तींचं मनोगत?" पोतनीसांनी सवयीनं विचारलं.

"कुणी ऐकत होतं, हे मला माहीत नव्हतं," प्लग म्हणाला. "एवढंच."

ताईंनी पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली आणि दोन बोटांनी त्याला फिरवलं. प्लग बाहेर आला. पोतनीसांनी आभार मानले, चारही नवे प्लग बसवले आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं.

अडीचला ताई पैठणी नेसून, मांडीवर वही घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. फाटकाशी बाबर उभे होते. त्यांनी काच खाली करायची खूण केली.

"वहिनी, आमच्या विहिरीवरच्या पंपाचा एक नट हाय. अकरा वर्षं झाली, निघंना झालाय. दोन पाने मोडले. तुमी अध्यक्षस्थान घ्याल का? नारळ मी आनतो."

"आज नाही, भाऊजी," कुमुदताई म्हणाल्या. "उद्या नऊनंतर येते. आज मला गायचंय."