वर लावायचा राहिला

डेटाबेस शिकायला काय लागतं? थोडी बुद्धी आणि एक मोकळी दुपार! माझ्याकडे दोन्ही होतं. सानगडीच्या आमच्या वधूवर सूचक मंडळाचा मी सचिव. समाजातली झाडून सगळी लग्नाळू मुलंमुली मी एका टेबलात बसवली होती. हे टेबल लाकडी नसतं, हे मलाही त्याच आठवड्यात कळलं होतं.

पुतणी प्रतिक्षा नागपुरात कम्प्युटरच्या नोकरीत. तिने सोयच अशी करून दिली होती, की कुणाच्या नावापुढे जोडीदार भरला की त्याच्या घरी अभिनंदनाचा मेसेज आपोआप जाई.

आता लिलाधर. माझ्या बायकोचा भाचा. मुलगा गुणी, पण तो पाहून आला की मुलीकडचे "कळवतो" म्हणत आणि नंबर बदलत. लाखांदूरच्या भैय्याजींनी मात्र आपल्या रेणूसाठी "पाहू" म्हटलं होतं.

"पाहू म्हणजे होच जी!" बायको म्हणाली. "भरून टाका. मेसेज गेल्यावर मांगं कसे सरतात ते पाहू!"

रेणूच्या नावापुढे लिलाधर टाकायचा हुकूम मी लिहिला. तिथे हुकमाला क्वेरी म्हणतात. बटण दाबण्याआधी प्रतिक्षाला फोनवर वाचून दाखवला. फोनमध्ये नुसती खरखर.

"मोठेबाबा, वर नाही लावला?"

"लावला ना! लिलाधर!"

"वर लावल्याबिगर दाबू नका हां!"

"वरच तर लावून राहिलो वं!"

आणि दाबलं.

ती 'व्हेअर' म्हणत होती. बदल नेमका कुणाच्या ओळीत करायचा, ते व्हेअर लावून सांगावं लागतं. न सांगितल्यास कम्प्युटर भेदभाव करत नाही. एका क्षणात लिलाधर अख्ख्या समाजाचा जोडीदार झाला. मुलींचा, आणि मुलांचासुद्धा!

पहिला फोन आंधळगावच्या देवाजींचा. "सचिवसाहेब, माया प्रितमले लिलाधर कायले लावला जी? पोरगा हाये ना तो!"

"तांत्रिक अडचण आहे."

"अडचण त आमची हाये! आजीनं पेढे वाटले ना गावात!"

मग मुलींच्या बापांचे फोन सुरू झाले. आधी शिव्या. नंतर चौकशी. "लिलाधर लिलाधर चालू हाये सगळीकडं. पोरगा करते काय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने खुद्द भैय्याजी दारात! मी मागच्या दाराकडे निघालो होतो.

"काहून जी सचिवसाहेब, आमच्या लिलाधरले किती जागी दाखवून राहिले तुमी?"

'आमच्या' हा शब्द बायकोने हवेतच झेलला.

"मागणी लय हाये," ती म्हणाली. चेहरा देवघरातल्या मूर्तीसारखा. "तुमी 'पाहू' म्हणले होते ना? पाहा निवांत."

"आता पाहाचं काय हाये त्यात? पक्कं!"

भैय्याजी साखर खाऊनच उठले. मी माझ्या विद्वत्तेवर खूश झालो. तेवढ्यात बायकोच्या फोनवर उशिराने एक मेसेज पोचला.

"अभिनंदन! चि. यादोराव, आपला विवाह लिलाधर यांच्याशी निश्चित झाला आहे."

यादोराव म्हणजे मीच.

"लिलाधरबद्दल मायं काही म्हणणं नाही," बायको म्हणाली. "तुमी त्या यादीत काहून आहा?"

"शिकताना नमुना म्हणून भरलं होतं. नंबर घरचा म्हणून तुझा दिला."

तिने स्क्रीन जवळ ओढली. "वय एकोणतीस. केस दाट. हा नमुना? काढा आताच्या आता!"

या वेळी मी चूक करणार नव्हतो. व्हेअर आठवणीने लावलं. माझ्या ओळीत डोकावलो, तर जोडीदार लिलाधर! हीच खूण मी कम्प्युटरला दिली : ज्याचा जोडीदार लिलाधर, ती ओळ पुसून टाक.

लिलाधर कुणाकुणाचा जोडीदार होता, ते दाबल्यावर आठवलं.

आज मंडळाकडे लग्नाचं एकही स्थळ शिल्लक नाही. वार्षिक अहवालात मी लिहिलंय, 'सर्व नोंदी मार्गी लागल्या.'