फ्लोरिमोनच्या पिंपाचं बूच

"लाम्बिक कसं सांभाळायचं, हे मला कुणी शिकवू नये!" असं फ्लोरिमोन रोज सकाळी ठणकावून सांगायचा. ऐकायला असायची फक्त त्याच्या या आंबट बिअरची, लाम्बिकची, पिंपं. बायको गेल्यापासून त्या कोठारात बोलायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. फ्रान्सहून आणलेली, एकेकाळी वाइनची असलेली ती जुनी पिंपं उलट उत्तर देत नव्हती, एवढंच सुख.

रविवारी मुलगी येणार होती. गुडेला वर्षातून दोनदा यायची, जेवायची आणि पाचच्या गाडीने ब्रसेल्सला परत! या खेपेला तिला मुक्कामाला ठेवून घ्यायचंच, असा चंग त्याने बांधला.

शेजारीण झुल्मा डोकावली. "अरे, मुलगी येतेय आणि ही कोळिष्टकं?"

"कोळ्यांना हात लावायचा नाही! माश्या कोण खाणार, तू?"

"बरं बाबा! पण हा फेस तरी पूस. पाय ठेवायला जागा नाही!"

हे मात्र त्याला लागलं. नुकतंच भरलेलं लाम्बिक पिंपाच्या वरच्या भोकातून फसफसून ओघळत होतं. फेस ओसरेपर्यंत भोक उघडं ठेवायचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण फ्लोरिमोनने फरशी लख्ख घासली आणि फक्त एका दुपारपुरतं पिंपाला हातोडीने बूच ठोकलं!

गुडेला आली ती पांढराशुभ्र कोट घालून. "वा बाबा, फरशी किती स्वच्छ!"

फ्लोरिमोन फुलला. मोठ्या ऐटीत त्याने पिंपावर थाप मारली.

धडाम! बूच आढ्यावर आदळलं, फेसाचं कारंजं उडालं आणि वर्षानुवर्षांची कोळिष्टकं गुडेलाच्या डोक्यावर!

"बाबा! बूच लावलं होतंत? तुम्ही?"

"तू येणार म्हणून गं..."

ती आधी किंचाळली, मग इतकी हसली की ओल्या फरशीवरच बसली. कोट, मोजे, केस, सगळ्याला आंबूस वास! अशा अवतारात गाडीत कोण बसू देणार? आईचा जुना झगा घालून ती शेगडीपाशी बसली, दोनदा वाढून घेतलं आणि चक्क राहिली. कित्येक दिवसांनी फ्लोरिमोनने दोन माणसांची कॉफी केली.

सकाळी ती निघाली. "ईस्टरला येते हं!"

ती वळणाआड जाते न जाते तोच झुल्मा हजर. "अरे, परत हातोडी कशाला घेतलीस?"

फ्लोरिमोनने शेजारच्या पिंपाला कान लावला. फसफस मंदावली होती. ईस्टरपर्यंत सगळी पिंपं गपगार होणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"काही नाही," म्हणत त्याने हातोडी खुंटीला अडकवली. झुल्मा गेल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "ऐकलंत ना? ईस्टरला येणार आहे ती. थोडा फेस राखून ठेवा रे!"

पिंपांनी नेहमीप्रमाणे उलट उत्तर दिलं नाही.