भाव येईपर्यंत

कलावंताला एकांताची गरज असते आणि एकांताला खोलीची. थोर कलेचा इतिहास हा मुळात रिकाम्या खोल्यांचा इतिहास आहे. ज्या घरात खोली रिकामी नाही त्या घरात कला निर्माण होत नाही, फार तर रांगोळी होते. हे तत्त्व मी स्वानुभवावरून मांडत असून त्याला घाटंजी तालुक्यातील सर्व समकालीन चित्रकारांचा पाठिंबा आहे. (तालुक्यातील समकालीन चित्रकारांची एकूण संख्या एक. प्रस्तुत लेखक तोच.)

माझा स्टुडिओ गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या जुन्या जागेवर आहे. विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, उत्तरेला खिडकी. उजेड असा की परदेशातल्या चित्रकारांनी हेवा करावा. कौटुंबिक दप्तरी मात्र या वास्तूची नोंद ‘कापसाची खोली’ अशीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्यात कापूस येऊ लागतो, आणि माझे वडील नानाजी भाव येईपर्यंत तो विकत नाहीत. भाव कधी होळीला येतो, कधी अक्षय तृतीयेला. एका वर्षी तो आलाच नाही आणि पुढच्या हंगामाचा कापूस आधीच्या कापसाच्या डोक्यावर जाऊन बसला. त्यामुळे माझा स्टुडिओ हंगामी आहे. चैत्र ते भाद्रपद हा सृजनाचा काळ, उरलेला चिंतनाचा. चिंतन मी घरी, ओसरीतल्या बाजेवर करतो.

शहरातल्या चित्रकारांना अधूनमधून काही म्हणता काही सुचत नाही, आणि का सुचत नाही हेही त्यांना कळत नाही. मग ते डोंगरावर जातात, दाढी वाढवतात. माझं तसं नाही. मला सुचत नसेल तेव्हा कारण ठाऊक असतं. कापसाचा भाव उतरलेला असतो.

आता प्रेरणेविषयी. कलावंत मंडळी प्रेरणेबद्दल फार गूढ बोलतात. ती केव्हा येईल सांगता येत नाही, तिला बोलावता येत नाही, वगैरे. माझा अनुभव वेगळा आहे. प्रेरणा हे माझ्या पत्नीचं नाव. ती दुपारी साडेबाराला डबा घेऊन स्टुडिओत येते, फोन केल्यास आधीही येते, आणि चित्राकडे एकवार पाहून “जेवून घ्या” म्हणते. मागे एका वार्ताहराने मला विचारलं, “तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?” मी म्हटलं, मारेगावहून. “नेमकी कशी?” मी म्हटलं, मामांच्या ओळखीतून. का कोण जाणे, ती मुलाखत छापून आली नाही.

समकालीन कलेची व्याख्या सोपी आहे. जी पाहून माणूस प्रश्न विचारतो ती समकालीन. कॅलेंडरवरच्या देवाला पाहून कोणी प्रश्न विचारत नाही, हात जोडतो आणि पुढे जातो. गेल्या पावसाळ्यात मी आठ मोठ्या कॅनव्हासांची एक मालिका केली. सगळ्यांवर तपकिरी आडवे पट्टे. नाव दिलं ‘कोरडवाहू’. शेजारचा गोविंदा ती पाहायला आला, बराच वेळ उभा राहिला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अमर, हे पुरं झालं का अजून व्हयाचं हाय?” कलासमीक्षेत याहून मूलभूत प्रश्न माझ्या वाचनात नाही. मी उत्तर दिलं नाही. (मलाही माहीत नव्हतं.)

नागपुरात चित्रकला शिकताना आमचे सर माझ्या प्रत्येक चित्रापुढे थांबून एकच वाक्य म्हणायचे: “हात चांगला आहे, पण भाव नाही.” ते वाक्य मी मनावर घेतलं ते आजतागायत. म्हणजे आमच्या घरात भावाची वाट पाहणारी माणसं दोन. बाबा कापसाच्या, मी चित्रातल्या. एकाच खोलीत, आळीपाळीने.

या वर्षी पौषात फोन आला. नागपूरच्या एका मोठ्या कलादालनाच्या क्युरेटर पायल मॅडम जिल्ह्यातले स्टुडिओ पाहत फिरणार होत्या. ज्याचं काम आवडेल त्याचं होळीनंतर महिनाभर स्वतंत्र प्रदर्शन. गुरुवारी त्या आमच्याकडे येणार. मला आनंद झाला आणि पाठोपाठ घाम फुटला. कारण ‘कोरडवाहू’ मालिका कापसाच्या मागे होती.

हे कसं घडलं ते नोंदवणं आवश्यक आहे. भाद्रपदातल्या दमट हवेमुळे तैलरंग वाळलेच नव्हते. (मालिकेच्या नावाचा हवामानावर परिणाम झाला नाही.) दसऱ्याला कापूस भरताना बाबांनी पाहिलं की मागच्या भिंतीला ओल आहे. त्यांनी आठही कॅनव्हास त्या भिंतीला उभे लावले, लाकूड भिंतीकडे, रंग कापसाकडे, आणि त्यावर छतापर्यंत कापूस दाबला. कापसाला ओल लागली नाही. कलेचा समाजाला उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी आमच्या मागच्या भिंतीची पाहणी करावी.

बाबांकडे मी रीतसर मागणी केली. “बाबा, बेस्तरवारी नागपूरच्या मॅडम येऊन राह्यल्या. माये चित्रं काढा लागतीन.”

“भाव आला का?” बाबांनी विचारलं.

“नाई.”

“मंग खोली कायले खाली करतं? तुये फोटो काई सडत नाई आत.”

बाबा चित्रांना फोटो म्हणतात. प्रेरणाने सासऱ्यांपुढे मध्यम मार्ग ठेवला. “मामाजी, कडेकडेनं थोडा कापूस वढला त माणूस आत शिरन. मंग एक एक काढता येईन.” बाबांनी मान डोलावली. आम्ही दोघांनी दार उघडून एका कडेने कापूस ओढायला सुरुवात केली. जितका ओढला तितका वरून खाली आला. संध्याकाळी आमच्या अंगाला खाज सुटली होती, कापूस होता तिथेच होता, आणि तो जागचा हलू नये म्हणून बाबा दाराशी बसले होते.

गुरुवारी पायल मॅडम आल्या. हातमागाची साडी, गळ्यात मातीचे मणी. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं की समकालीन कलावंताने स्पष्टीकरण द्यायचं नसतं, तेव्हा आपण गप्प राहायचं. खोलीचं दार उघडलं. चौकटीत खालपासून वरपर्यंत पांढरा कापूस, मधूनमधून वाळल्या पानांचे तपकिरी कण, बाजूला खुर्चीवर बाबा. मॅडम थांबल्या. खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग वरपासून खालपर्यंत.

“हे करायला किती काळ लागला?” त्यांनी शेवटी विचारलं.

“मिरगापासून,” बाबा म्हणाले.

“एकट्याने?”

“एकट्यानं कुठं होते, बाई. समदं घर लागलं. वेचाले बाया होत्या.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आवाज खाली आणला. “आणि यात भाव कोणता आहे?”

“भाव नाई.”

“नाही?”

“सद्या काहीच भाव नाई. येईन होळीनंतर. भाव येईपर्यंत असाच राहू देतो.”

मॅडमनी डोळे मिटले. मग पुढे होऊन दोन्ही हात कोपरापर्यंत कापसात घातले. थोड्या वेळाने म्हणाल्या की ही कलाकृती नुसती पाहायची नाही, ती शरीरात उतरते. (खाज.) इथे मला राहवलं नाही. म्हटलं, “मॅडम, माझी चित्रं मागे आहेत.” त्या माझ्याकडे वळल्या आणि फार आपुलकीने म्हणाल्या, “मागे असणं किती महत्त्वाचं आहे.”

निवड झाली. कलाकृतीचं नाव ‘भाव येईपर्यंत’. कलावंत, नानाजी गावंडे. खाली बारीक अक्षरात, साहाय्य, अमर गावंडे. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं. पंधरवडाभर मी बाजेवरून उठलो नाही. प्रेरणा रोज ताट आणून ठेवायची आणि एकदा म्हणाली, “मामाजीचं नाव पेपरात येऊन राह्यलं, तुमी कायले तोंड पाडता? आडनाव त तुमचंच हाय ना.”

बाबांनी कलादालनाला फक्त तीन प्रश्न विचारले. गाडी कोणाची? भराई कोणाची? आणि परत आणून देतीन का? तिन्ही उत्तरं समाधानकारक आल्यावर त्यांची कलेविषयीची भूमिका एकदम अनुकूल झाली. कलादालनाची माणसं आली. त्यांना ‘सर्व साहित्य मूळ स्थितीत’ नेण्याच्या सूचना होत्या. म्हणून मागच्या भिंतीचे आठ कॅनव्हास, वाळल्या न वाळल्या रंगाला कापसाचा जाड थर चिकटलेला, तसेच कापडात गुंडाळून नेण्यात आले आणि नागपुरातही कापसाच्या मागे, भिंतीला लावण्यात आले. अशा रीतीने माझी चित्रं शहराच्या नामांकित दालनात प्रदर्शित झाली, आणि ती एकालाही दिसली नाहीत.

प्रदर्शन गाजलं. बाबा रोज कापसाशेजारी खुर्ची टाकून बसत. एसीच्या कोरड्या हवेत कापसाचं वजन घटतं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी एसी बंद करायला लावला. नागपूरच्या मार्चमधली गर्दी घामाने निथळत उभी राहिली. एका समीक्षकाने ‘उकाड्याचा धाडसी वापर’ असा गौरव केला. खादी, हातमाग, सुती कुर्ते घातलेली शेकडो माणसं कापसापुढे येऊन स्तब्ध होत. एकाने विचारलं, हा खरा कापूस आहे का? दुसऱ्या बाईंनी विचारलं, हात लावला तर चालेल का? बाबा म्हणाले, “लावा. नेऊ नका.” लोक या उत्तराचा अर्थ लावत बाहेर पडत. रस्त्याने जाताना आमच्या खोलीचं दार वर्षानुवर्षं उघडं दिसलं आहे, पण आजवर एकही गाडी थांबलेली नव्हती, हे बाबांनी एकदा माझ्याजवळ बोलून दाखवलं. तक्रार म्हणून नाही. त्यांना नवल वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात गावाहून गोविंदाचा फोन आला. भाव आला होता.

बाबा उठून उभे राहिले. मी त्यांना बाजूला घेतलं. “बाबा, महिना पुरा होऊ द्या. मोठे मोठे लोक येऊन राह्यले. नाव होऊन राह्यलं.”

“कोणाचं नाव लिवलं हाय त्या पाटीवर?”

“तुमचं.”

“मंग मी सांगतो. भरा गाडी.”

कलादालनाच्या व्यवस्थापकांनी कराराचा मुद्दा काढला. बाबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘भाव येईपर्यंत’ असं तुम्हीच लिहिलं, तो आला, म्हणजे मुदत संपली. व्यवस्थापकांनी कराराची घडी करून ती खिशात ठेवली. पायल मॅडमचे डोळे भरून आले. त्यांच्या मते कलाकृती आज पूर्ण झाली होती. निमंत्रितांना फोन गेले. हमाल कापूस भरू लागले आणि दुतर्फा उभी राहून मंडळी टाळ्या वाजवू लागली. हमालांना आधी वाटलं की कोणीतरी पुढारी येत आहे. मग तेही जरा ताठ चालू लागले.

भिंतीपर्यंत पोचल्यावर बाबांनी कॅनव्हासांना चिकटलेला कापूस स्वतः हातांनी उपटला. मूठ मूठ करून सगळा काढला. जो अगदी निघेचना तेवढा राहिला. “एवढा वाया गेला,” असं म्हणून ते गाडीत हमालांशेजारी बसले. टाळ्या वाजवत सगळी मंडळी गाडीमागे फाटकापर्यंत गेली. दालनात मी एकटा उरलो.

तेवढ्यात प्रेरणा आली. भाव आल्याचं तिला कळलेलं नव्हतं, ती पहाटेच्या बसने आम्हा दोघांचा डबा घेऊन निघाली होती. घड्याळात साडेबाराच वाजले होते. तिने डबा जमिनीवर ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. तपकिरी पट्ट्यांवर जिथेतिथे कापसाचे पांढरे पुंजके धरून राहिले होते. कुठे दाट, कुठे विरळ, एका चित्रात तर कोपऱ्यात एकच. ती पहिल्यापासून आठव्यापर्यंत चालत गेली आणि पुन्हा पहिल्याशी येऊन थांबली. “जेवून घ्या” म्हणायची वेळ होऊन गेली तरी ती बोलली नाही.

“आता पिकलं तुमचं वावर,” ती म्हणाली.

सरांना जे दिसत नव्हतं ते त्यात होतं. ते मी आणलं नव्हतं, बाबांच्या हातून राहिलं होतं. तरी मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसलो आणि आम्ही डबा उघडला. पाहायला दुसरं कोणी नव्हतं, आणि त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

चित्रं आता घरी आहेत. गोविंदा येऊन पाहून गेला आणि या खेपेला त्याने काही विचारलं नाही. खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे.

शेवटी एक प्रशासकीय बाब. ही हकीकत मी स्टुडिओ, प्रेरणा आणि समकालीन कला यांवरचं चिंतन म्हणून आपल्यापुढे ठेवली. बाबांचं म्हणणं होतं, सरळ कापसाची गोष्ट म्हणून लिही. मी म्हटलं, कापसाची म्हटल्यावर कोणी भाव देणार नाही. लोक पान उलटतील. ते म्हणाले, “आता देऊन राह्यले का?” मी म्हटलं, हो, शेवटपर्यंत वाचतील. बाबांनी थोडा विचार केला. “वाचून झाल्यावर त्याहिले इचार, आज कापसाचा भाव काय चालू हाय.”

म्हणून विचारतो. माहीत नसेल तर संकोच करू नये. पायल मॅडमनाही माहीत नव्हता, आणि त्यांनीही कापूस अगदी शेवटपर्यंत मन लावून पाहिला होता.