न्हाणीतले वाळे

नरकचतुर्दशीच्या पहाटे ओमप्रकाश अंगाला तेल-उटणं चोपडून रोहणा गावच्या सासुरवाडीत न्हाणीत शिरला आणि पहिला गडवा ओतण्याआधीच बाहेर आला. फरशीच्या फटीतून पाच-सहा वाळे निघाले होते. करंगळीहून बारीक, काळे, गांडुळासारखे वळवळणारे. विषाचा थेंब नाही. पण साप म्हटला की बिचारा दहा हात लांब पळे.

त्यातून आदल्याच दिवशी जेवताना त्याने फुशारकी मारली होती, की सिंदी गावच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या ढिगातला नाग आपण एका काठीत आडवा केला. आता कोणत्या तोंडाने सांगणार? तो गुपचूप ओसरीवर जाऊन बसला.

"काऊन जी जावईबापू, पाणी थंडं हाय का?" सासूबाई मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग?"

"आंघोळ नाई करत मी आज."

पहिल्या दिवाळीला आलेला जावई उटणं लावून आंघोळीला नाही म्हणतो, याचा अर्थ गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जावई रुसला! लगेच सासरे अण्णाजी कोरं धोतर घेऊन आले. ओमप्रकाशने मान हलवली. मग घरातला ट्रान्झिस्टर आला. त्यालाही नाही. एव्हाना उटणं वाळून अंगाला खाज सुटली होती. शेवटी अण्णाजींनी वावरात जायची आपली एकुलती एक सायकल अंगणात आणून उभी केली.

"घ्या, पण उठा आता. सूर्य वर येऊन राह्यला."

दाराशी त्याची बायको अन्नपूर्णा उभी होती. "माह्या बापाची सायकल पाहिजे तुमाले?" तिचे डोळे भरून आले. "मले वाटलं, तुमी तसे नाई."

हे मात्र त्याच्या काळजाला लागलं. भित्रा म्हणवून घेणं परवडलं, पण बायकोच्या नजरेतून उतरणं नको.

"सायकल नाई पाहिजे वं मले! न्हाणीत साप हायेत!"

"केवढे?"

त्याने खालमानेने करंगळी दाखवली. अन्नपूर्णा डोळे पुसता पुसता हसायला लागली. तिला केवढं हायसं वाटलं!

"वाळे होय ते! गरीब जीव," म्हणत मनकर्णाबाई सुपली घेऊन न्हाणीकडे गेल्या. अण्णाजींनी मात्र जावयाचा हात धरला. "चला, आपल्या घरी पहिली आंघोळ विहिरीवरच असते," असा रिवाज त्यांनी तिथल्या तिथे काढला आणि त्याला परसात नेलं.

विहिरीवर पोचताच ते हळूच म्हणाले, "बरं झालं तुमी बोलले. म्या दसऱ्यापासून त्या न्हाणीत पाय नाई ठेवला. घरी सांगतलं, विहिरीच्या पाण्यानं कंबर मोकळी होते."

ओमप्रकाशला सासऱ्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याने आनंदाने बादली विहिरीत सोडली.

तेवढ्यात घरातून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अवो, भेऊ नका! मारत नाई म्या त्याइले. रोज निंगाले का तिकडंच नेऊन सोडत असते, विहिरीपाशी वल्या मातीत! आताबी घेऊन येऊन राह्यले!"

सासरे-जावई विहिरीपासून चार पावलं मागे सरले.

"झाली आमची आंघोळ!" दोघंही एकदम ओरडले. अंगावर अजून थेंबही पडला नव्हता.