पूजेत बसलेली करवत

मी यंत्र घेतो तेव्हा ते पारखून घेतो, हे आधीच सांगून ठेवतो. चिंचोळी एमआयडीसीत बारा वर्षं मेंटेनन्सला आहे मी! बॅटरीवर चालणारी करवत घ्यायची ठरल्यावर तीन दुकानं पालथी घातली आणि चौदा हजार देऊन सगळ्यात दणकट ती उचलली. खोक्यावर ठळक अक्षरांत होतं: रनटाइम चाळीस मिनिटं.

खंडेनवमीला सकाळीच ती घेऊन सासुरवाडीला गेलो, अक्कलकोटच्या पलीकडे. सासऱ्यांच्या, म्हणजे शिवप्पामामांच्या अंगणात संडासाला लागून एक वाळलेली बाभळ होती. दसरा झाला की मामा ती कुऱ्हाडीने पाडणार होते. मी म्हणालो, कुऱ्हाडीचा जमाना गेला, दहा मिनिटांत आडवी करतो. माझ्याशी मामा सहसा बोलत नाहीत.

गेल्या खंडेनवमीला मात्र बोलले होते. माझी मोटारसायकल पूजेत होती आणि मला सेकंड शिफ्ट गाठायची होती. "पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापतूर उचलायचं न्हाय, जावईबापू," एवढंच म्हणाले, आणि मी फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालत गेलो. मोटारसायकल हत्यार कशी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

करवत झकास चालली. अर्धा बुंधा कापून झाला आणि सहाव्या मिनिटाला ती गप्प झाली. मी खोकं पुन्हा वाचलं. चाळीस मिनिटांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा रनटाइम काहीही न कापता आहे. चार्जिंगला दीड तास. बॅटरी काढून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली.

तेवढ्यात पूजेची वेळ झाली. मामांनी कुऱ्हाड, कोयता, विळे, पहार ओळीने मांडले आणि शेवटी माझी करवतही ठेवली, नवीन म्हणून. सगळ्यांना विभूती लावली, झेंडूची माळ घातली. मग पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि टमरेल घेऊन उठले. जाताना बाभळीकडे बघून विचारलं, "पडंल का ओ ही?"

"मामा, बॅटरीशिवाय ती हलायची नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही ऐकवलं जातं.

वारा काही फार नव्हता. तरी बाभळ कडकडत आली आणि संडासाच्या दाराला आडवी टेकून बसली. दार बाहेर उघडणारं. आतून मामांनी विचारलं, बॅटरी झाली का. माझा जीव भांड्यात पडला.

शेजाऱ्यांना बोलावून चौघांनी मिळून बुंधा ढकलला. काटे टोचले, बाभळ हलली नाही. गल्लीतल्या सगळ्या कुऱ्हाडीही पूजेतच होत्या. बॅटरीचे चारही दिवे मात्र हिरवे झाले होते. ती घेऊन पूजेकडे धावलो, तर समोर सासूबाई उभ्या, गौरम्मामामी.

"पूजेत हाय," त्या म्हणाल्या.

आतून मामांनी कळवलं की देव एवढ्यातेवढ्याने रागवत नाही, कुऱ्हाड आणा. मामी दारापर्यंत चालत गेल्या.

"गेल्या वर्षी जावईबापूंना तीन किलोमीटर चालवलासा, तवा द्येव रागवत हुता व्हय?"

सात वर्षांत त्या घरात माझ्या बाजूने कोणी बोललं, ते हे पहिल्यांदा. मला गहिवरून आलं, पण गहिवरायची ती वेळ नव्हती.

पाऊण तासाने मामांनीच तोडगा काढला. शिडी हत्यारात मोडत नाही, असं त्यांनी आतून जाहीर केलं. मी संडासालगतच्या पाण्याच्या टाकीवर चढून पत्र्यावरचे धोंडे काढले, पत्रा सरकवला आणि शिडी आत सोडली. शिवप्पामामा आख्ख्या गल्लीदेखत छतातून वर आले. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात टमरेल. शेजारच्या काशम्मांनी खालून नमस्कार केला. सणाचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरवली. चहा उकळेपर्यंत मामांनी कुऱ्हाडीने बाभळीचे तुकडे केले. मी करवतीला हात घालणार, तोच म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या."

तिला देवघरात जागा मिळाली. रोज विभूती, रोज ताजं फूल. एक दिवस चुकत नाही. मी प्रत्येक सुट्टीला बॅटरी पिशवीत घालून जातो, करवत मागतो, आणि मामा शांतपणे सांगतात, "पूजेतलं हत्यार उचलायचं न्हाय, जावईबापू."

सहा महिने झाले. बॅटरीचे चारही दिवे अजून हिरवे आहेत. खोक्यावरचं काही खोटं नव्हतं. काही न कापता ती खरंच टिकते.