पुडीतली कादंबरी

हेमावतीची दोनशेपानी वही बुधवारी दुपारी हरवली आणि संध्याकाळपासून साऱ्या गल्लीत सापडू लागली. एकेक पान एकेका घरी, आणि प्रत्येक पानात शंभर ग्रॅम शेंगाचटणी.

दुकानात पुड्यांचे कागद संपले, तेव्हा गौरम्मा आत्यांनी फळीवरची वही उचलली होती. भाचीचं कॉलेज संपलं, म्हणजे वही रद्दी. आत्यांची शाळा अक्कलकोटकडे कानडीत झालेली. मराठी अक्षर त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखं.

वहीत हेमावतीची कादंबरी होती. एक प्रकरण चाळीस वर्षांपूर्वीचं, एक आजचं, आणि दोन्हींत दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम. आजच्यातली एक टेलिफोन ऑफिसात होती आणि तिच्या हनुवटीवर तीळ होता. हेमावतीच्या रुद्राणीचंही तसंच होतं. त्यात रविवारी माळशिरसचं स्थळ येणार होतं. वही मागावी तर कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की अक्षता पडल्याच म्हणून समजा. हेमावतीची पाचावर धारण बसली.

इकडे चौथं पान मिळालेले लोक पाचव्यासाठी पुन्हा चटणी नेऊ लागले. शुक्रवारपर्यंत रिटायर चनबसप्पा मास्तरांनी पानं जुळवून दुकानाच्या पायरीवर वाचन सुरू केलं. तीळ ओळखीचा वाटतोय, असं शेजारच्या केराबाई म्हणाल्या, तर बायकांनीच त्यांना गप्प केलं. आत शिवबाईंचे कुटून कुटून हात दुखायला लागले. शिवबाई म्हणजे आत्यांच्या चाळीस वर्षांपासूनच्या, एकाच घरात राहणाऱ्या मैत्रीण.

शनिवारी शेवटचं लिहिलेलं पान आलं. जुन्या काळातल्या एकीचं बळजबरीनं लग्न लागलं आणि दुसरीनं सिद्धेश्वराच्या तळ्यात उडी घेतली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आत्यांनी मात्र तागडी खाली ठेवली.

"चुकलंय हे," त्या म्हणाल्या. "तळ्यात कुणी बी गेलं न्हाय. ही लगीन मोडून आली, तवा ती शेंगा भाजत हुती. अजून भाजतीया."

"भाजतीया कुटं," आतून शिवबाई म्हणाल्या, "करपल्या की तुज्या गोष्टीपायी."

पायरीवरच्या बायका आत शिवबाईंकडे वळून बघू लागल्या. शेवटी मास्तरांनी चष्मा पुसला आणि आजच्या पोरींचं काय, पुढं पान कोरं आहे, असं विचारलं.

"त्यांचं मी बगते," आत्या म्हणाल्या. "माळशिरसला पोरगी द्यायची न्हाय. हेमा हितंच राहील, अन् रुद्राणीला बी खोली हाय."

दाराआडची हेमावती रडली, हसली, आणि रात्रभर बसून तिनं नवा शेवट लिहिला.

नकार कळवायला वेळच नव्हता, त्यामुळे पाहुणे आलेच. आत्यांनी त्यांना चहा पाजला, नकार दिला आणि वर नव्या पानांत चटणी बांधून दिली. पाहुणे फणफणत गेले.

गुरुवारी मुलाच्या आईचं कार्ड आलं. मुलीचं राहू द्या, पण पुडीतल्या त्या दोघींनी खोली घेतली, त्यापुढं काय झालं? पुढची पानं पाठवा. सोबत अर्धा किलो चटणीही.